मागाच्या आवाजातलं नाटक

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. पुढाऱ्यांच्या भाषणात हे येतं, शाळेच्या निबंधात येतं, निवडणूक जवळ आली की दोनदा येतं. त्यात अभिप्रेत असतं ते कापड. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गल्लीगल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, गोठ्याच्या जागी माग आले. आज त्यांची संख्या लाखाच्या आसपास सांगतात. या उपाधीत कापडाशिवाय आणखीही काही असू शकतं, असा विचार फारसा कोणी केलेला नाही. म्हणून थोडं खऱ्या मँचेस्टरकडे जाऊन येऊ.

मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यात कापडाच्या गिरण्या होत्या आणि एकेका शेडमध्ये शेकडो माग एकदम चालायचे. शेजारच्या बाईला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. मग मागावरच्या बायकांनी आवाज न काढता बोलायची एक पद्धत बसवली. ओठ मोठे करून, भुवया चढवून, हातांची जोड देऊन, एकेक शब्द चेहऱ्यावर लिहिल्यासारखा. तिला तिकडे ‘मी-मॉ’ म्हणत. पाळी सुटल्यावरही ही सवय सुटत नसे. अंगणातल्या भिंतीवरून शेजारणीशी बोलताना दुखण्याखुपण्याचा, बाळंतपणाचा किंवा कुणाच्या लफड्याचा विषय निघाला की आवाज एकदम बंद व्हायचा आणि पुढचं वाक्य नुसत्या ओठांनी पुरं व्हायचं.

रॉचडेल गावच्या नॉर्मन इव्हान्स नावाच्या विनोदी नटानं ही बाई उचलली. बोळकं तोंड, भिंतीवर टेकलेली छाती, अर्धं बोलणं आवाजात आणि अर्धं ओठांत. संगीत-विनोदाच्या फिरत्या खेळांमध्ये ती गाजली आणि मग मँचेस्टरच्याच मँक्युनियन नावाच्या चित्रपट कंपनीनं तिला पडद्यावर आणलं. १९७० च्या दशकात लेस डॉसन आणि रॉय बॅराक्लॉ या जोडीनं लुगडीवाल्या नव्हे, फ्रॉकवाल्या दोन म्हाताऱ्या उभ्या केल्या आणि तीच मुद्रा आयटीव्हीच्या दूरचित्रवाणीवरून देशभर पोचली. मागाच्या खडखडाटात गरजेपोटी जन्मलेली एक लकब रंगमंच, चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशी तीन माध्यमं ओलांडून गेली. कुठल्याही नाट्यशाळेनं ती शिकवली नव्हती.

त्या मँक्युनियन कंपनीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जॉन ब्लेकलीनं १९४७ मध्ये मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवरचं एक जुनं प्रार्थनामंदिर घेऊन त्यात स्टुडिओ थाटला. लंडनकडे न बघता, उत्तरेच्या बोलीतले, उत्तरेच्या नटांचे, उत्तरेच्याच प्रेक्षकांसाठी स्वस्तातले चित्रपट काढले. समीक्षकांनी त्यांची दखलही घेतली नाही. १९५४ मध्ये ती जागा बीबीसीनं विकत घेतली आणि १९६४ च्या पहिल्या दिवशी ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला कार्यक्रम तिथूनच प्रक्षेपित झाला. तोवर शहरात ग्रॅनडा ही दूरचित्रवाणी कंपनीही उभी राहिली होती. १९६० मध्ये तिनं ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका सुरू केली, तेव्हा उत्तरेकडच्या नाटक कंपन्यांतले नट तिला आयते मिळाले. नटांना नाटक सोडून लंडनला जावं लागलं नाही. कॅमेराच त्यांच्या दारात आला.

आपल्या मँचेस्टरला यातलं काय लाभलं आणि काय नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मराठीत नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशा तिन्हीकडे प्रयोग करणाऱ्या कलावंतांचा विषय निघाला की गाडी थेट दादरला किंवा पुण्याला जाऊन थांबते. ती तिकडे जाते याला कारणंही आहेत. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’नं राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलं आणि चारच वर्षांत सत्यदेव दुबेंनी त्याचा चित्रपट केला. कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी होते. विजया मेहता ‘रंगायन’मधून निघून ‘स्मृतिचित्रे’, ‘रावसाहेब’, ‘पेस्तनजी’पर्यंत गेल्या आणि ‘लाइफलाइन’ ही रुग्णालयातली मालिकाही त्यांनीच केली. जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं आणि तीन वर्षांत ‘सामना’ पडद्यावर आला. ही नावं मोठी आहेत, त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. पण एका माध्यमातलं कसब उचलून दुसऱ्यात नेण्याची खोड मराठी माणसाला मुंबईत लागली असं समजण्याचं कारण नाही. ती कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात, सांगली, इचलकरंजी आणि कोल्हापूर या तीन ठिकाणांच्या मध्ये लागली. इचलकरंजीहून दोन्हीकडे अंतर तीसेक किलोमीटर. 

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही बनवल्या होत्या, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. या बाहुल्यांना पुढे पुन्हा चालतंबोलतं केलं ते रामदास पाध्ये यांनी, आणि हे पाध्ये म्हणजे ‘अर्धवटराव’ घेऊन रंगमंचावर आणि दूरदर्शनवर वावरलेले, १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू हलवणारे. सांगलीच्या संस्थानी दरबारातल्या बाहुलीपासून तात्या विंचूपर्यंतचा धागा असा एका माणसाच्या हातातून जातो. मराठी प्रयोगशीलतेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तात्या विंचूला अजून जागा दिलेली नाही. द्यायला हरकत नसावी.

भाव्यांच्या मागोमाग या पट्ट्यात गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या. त्यांच्या नावातच गाव असायचं: सांगलीकर, कोल्हापूरकर, आळतेकर, इचलकरंजीकर. आळते हे इचलकरंजीच्याच हातकणंगले तालुक्यातलं खेडं. एका तालुक्यातून दोन मंडळ्या! सूत्रधारानं गायचं, विदूषकानं हसवायचं, राक्षसांनी आरडाओरडा करायचा आणि पात्रांनी ऐनवेळी सुचेल तसं बोलायचं, असे हे पौराणिक खेळ. संहिता नव्हतीच. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. मराठीतलं पहिलं स्वतंत्र ऐतिहासिक गद्य नाटक म्हणून ते ओळखलं जातं. ते रंगभूमीवर आणणाऱ्यांत इचलकरंजीकर मंडळी होती.

आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटत नाही. नाटक लिहिलं, कुणीतरी केलं. पण त्या नटांच्या जागी उभं राहून बघायला हवं. आयुष्यभर राक्षस होऊन ओरडलेला माणूस आता छापील वाक्यं पाठ करतो. सूत्रधाराच्या गाण्याचा आधार नाही. देवादिकांऐवजी नव्वद वर्षांपूर्वी वारलेला एक पेशवा रंगमंचावर मरतो, त्याची बायको सती जाते आणि समोरच्या प्रेक्षकाच्या आजोबांनी कदाचित त्या काळातली माणसं पाहिलेली असतात. तोंडी परंपरेतून छापील पुस्तकात नाटक गेलं, हे मराठी नाटकाचं पहिलं माध्यमांतर. ‘बुकीश’ म्हणून या नाटकांची टिंगलही झाली. ती टिंगल अंगावर घेणाऱ्यांत इचलकरंजीचं नाव आहे, आणि गावाला त्याचा पत्ता नाही.

गावाला पत्ता आहे तो गाण्याचा. घोरपड्यांच्या जहागिरीत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहिले, ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. हे सगळं इथे अभिमानानं सांगतात. नाटकाच्या बाजूनं पाहिलं तर बुवांचे दुसरे शिष्य यशवंत सदाशिव मिराशी अधिक कामाचे. मिराशीबुवा ‘नाट्यकला प्रवर्तक मंडळी’त गायक नट म्हणून वावरले आणि नंतर पुन्हा ख्यालाच्या शिक्षणाकडे वळले. त्या काळात गवयानं नाटकात जाणं म्हणजे घसरणं समजत. मिराशीबुवा गेलेही आणि परतलेही.

नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे जहागीरदार कलांचे आश्रयदाते होते. आजचं नगरपालिकेचं, म्हणजे २०२२ पासून महानगरपालिकेचं, नाट्यगृह त्यांच्याच नावानं आहे. त्यांच्या राजवाड्यात आता डीकेटीईचं वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी महाविद्यालय भरतं. ज्या वाड्याच्या आश्रयानं ख्याल वाढला, तिथे सूत आणि विणीची गणितं शिकवली जातात. मला यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. दोन्ही सरावानं कमवायच्या विद्या आहेत, आणि हाताच्या विद्येशिवाय या भागातलं पुढचं मोठं पाऊल पडलंच नसतं.

ते पाऊल कोल्हापुरात पडलं. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. जन्म १८९०. घराणं सुतार-चित्रकाराचं. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडदा रंगवणं ही आता जवळजवळ नाहीशी झालेली विद्या, म्हणून जरा थांबून सांगतो. वीस-पंचवीस फुटी कापडावर राजवाड्याचा सभामंडप काढायचा. तो पाचशे माणसांना वेगवेगळ्या कोनातून खरा वाटला पाहिजे. खांबांची रांग मागे मागे जाताना किती बारीक व्हावी, हे पहिल्या रांगेतल्या सावकाराला आणि शेवटच्या बाकावरच्या हमालाला एकदम पटलं पाहिजे. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कुठला निळा काळा दिसतो आणि कुठला हिरवा मळकट होतो, हे रंग कालवतानाच कळलं पाहिजे. शिवाय पडदा गुंडाळायचा असतो, बैलगाडीतून न्यायचा असतो, म्हणून रंग पोपडे धरून चालत नाही. म्हणजे पडदा रंगवणारा माणूस चौकट, खोली, प्रकाश आणि प्रेक्षकाची नजर या चार गोष्टी कॅमेरा हातात येण्याआधीच शिकलेला असतो.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि या दोघा भावांना कॅमेऱ्यानं झपाटलं. विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा तो बनवायचा! आनंदराव १९१६ मध्ये गेले, काम अर्ध्यावर राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते पुरं केलं आणि १९१८ च्या सुमाराला कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा चालू लागला. ज्या गावात विहिरीवरची इंजिनं, रहाटाचे दाते आणि तोफांचे गाडे दुरुस्त व्हायचे, तिथल्या लेथवर चित्रपटाचा कॅमेरा झाला. खरी कॉर्नरला आज या कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे आणि त्याच्याखाली भेळेच्या गाड्यांची गर्दी असते. बाबूरावांना ती आवडली असती असं मला वाटतं, कारण त्यांचा सगळा जन्म गर्दी कुठे बघते याचा अभ्यास करण्यात गेला.

‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हे वाक्य एका ओळीत उरकतात. एक गाणारी बाई आपल्या कमाईचा पैसा एका पडदे रंगवणाऱ्याच्या हाती देते, तेही अशा धंद्यासाठी ज्याला अजून धंदा म्हणत नव्हते. त्या वेळच्या कुठल्या सरदारानं किंवा सावकारानं हे धाडस केलं नव्हतं. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. त्यात बायकांची कामं बायकांनी केली, आणि कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की त्याला कात्री लावावी लागली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शांताराम वणकुद्रे शेतकरी झाला. हे पुढचे व्ही. शांताराम. त्याआधी ते गंधर्व नाटक मंडळीत पडदा ओढण्यासारखी किरकोळ कामं करत. चित्रपटात त्या शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. इचलकरंजीच्या मागावर आज कर्नाटकातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून येणाऱ्या माणसाची हीच पहिली ओळ आहे. शंभर वर्षांत एवढाच फरक की सावकाराच्या जागी कधी बँक असते, कधी पाऊस.

पुढचं वेगानं सांगतो, कारण ते सर्वश्रुत आहे. १९२९ मध्ये याच कंपनीतून फुटून ‘प्रभात’ निघाली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त राजा झाले ते गोविंदराव टेंबे, म्हणजे नाटकातले पेटीवाले आणि संगीतकार. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल या पडदे रंगवणाऱ्यांच्या जोडीनं ‘संत तुकाराम’ केला आणि त्यात तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून आलेले होते. व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. पण तोवर ‘प्रभात’ कोल्हापुरात राहिली नव्हती. १९३३ मध्येच ती पुण्याला गेली होती. या पट्ट्यातल्या कलावंतांची पुढची सगळी कहाणी या एका स्थलांतराच्या सावलीत आहे असं माझं मत आहे. घडणं इथे, उभं राहणं तिकडे.

इचलकरंजीच्या सार्वजनिक आयुष्यातला एक मोठा प्रसंग १९७४ चा. मराठी साहित्य संमेलनाचं पन्नासावं अधिवेशन इथे भरलं आणि अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. संमेलनाध्यक्षपदी लेखक असावा हा रिवाज. पुलंना लेखक म्हणूनच निवडलं होतं, पण तो माणूस लेखक या चौकटीत कधी मावलाच नाही. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ची कथा, पटकथा, संवाद, संगीत आणि दिग्दर्शन त्यांचं, नायकही तेच. आकाशवाणीत नोकरी केली. १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांत ते होते. १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे उभे राहिले, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि दोन-अडीच तास प्रेक्षक हलला नाही. ‘प्रायोगिक’ म्हणून मिरवणाऱ्यांनी त्याला प्रयोग म्हटलं नाही, कारण लोक हसत होते.

त्याच १९७४ मध्ये दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’नं नाटकं सुरू केली आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला पत्ता मिळाला. एका बाजूला छबिलदास, दुसऱ्या बाजूला इचलकरंजीच्या मांडवात पु. ल. दोन्ही ठिकाणी मराठी माणूस एकच काम करत होता: कमी साधनांत नवं काही उभं करायचं. पहिल्याला चळवळ म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला करमणूक. पुलंनीच पुढे ब्रेख्तचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि १९९२ च्या ‘एक होता विदूषक’ची पटकथा लिहिली. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, नट म्हणून मोठा होतो आणि आपल्या फडापासून तुटतो, असं तिचं सूत्र. लक्ष्मीकांत बेर्डेंचं ते आयुष्यातलं सर्वांत अवघड काम. तेव्हा ते चाललं नाही. हसवणारा नट गंभीर झालेला प्रेक्षकाला नको होता. माध्यम बदललं की माणसाचं काय होतं, या विषयावर मराठीत याहून नेमकं काही मी पाहिलेलं नाही.

आता आजच्या गावात येऊ. इचलकरंजीत नाटक म्हणजे प्रामुख्यानं स्पर्धा. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि एकांकिकांच्या स्पर्धा तर महाराष्ट्रात पावसाळी छत्र्यांसारख्या उगवतात. इथल्या मनोरंजन मंडळासारख्या संस्थांनी गावात नाटकाची सवय टिकवून धरली. दिवसा यंत्रमागधारक, कापड दलाल, शिक्षक, सायझिंगमधला कारकून, दुकानदार असलेली माणसं रात्री जेवणं उरकून तालमीला जमतात. प्रत्यक्ष मागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार त्यांत क्वचित. त्याला पिकावर मजुरी मिळते, म्हणजे जितकं कापड निघेल तितका पैसा, आणि माग थांबला की मजुरी थांबली. वहिफणी करणारा, कांड्या भरणारी बाई, दुसऱ्याच्या सुतावर कापड विणून देणारा खर्चीवाला: गाव ज्यांच्यावर चालतं ती माणसं गावच्या नाटकात प्रेक्षक म्हणूनही फारशी नाहीत, पात्र म्हणून तर नाहीतच. ही गोष्ट इथल्या रंगकर्मींना टोचायला हवी. काहींना टोचतेही.

स्पर्धेच्या नाटकाविषयी मुंबई-पुण्यात एक तुच्छता आहे. ती निम्मी खरी आहे. एकांकिकेला जेमतेम पाऊण तास, नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं, परीक्षक तीन. या चौकटीत काय सुचतं? लाल प्रकाश, दर चार मिनिटांनी अंधार, नटांचंच झाड, नटांचीच भिंत आणि नटांचीच बस, शेवटी पुढे येऊन एक घसा फोडणारं स्वगत. गेल्या अनेक वर्षांत मी अशा एकांकिका इतक्या पाहिल्या आहेत की नटांची बस निघाली की मला उतरावंसं वाटतं. तरी उरलेली निम्मी बाजू महत्त्वाची. टेम्पोत मावेल एवढंच नेपथ्य, एका नटाकडे चार पात्रं, बदलायला अर्धं मिनिट, कुठल्याही नाट्यगृहात मिळतील त्या दिव्यांवर खेळ उभा करायचा. या जाचातून जो नट तयार होतो तो कुठल्याही माध्यमात उपाशी मरत नाही.

हे दूरचित्रवाणीच्या लक्षात नाट्यसमीक्षकांच्या आधी आलं. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये सुरू झाली. ‘हास्यजत्रे’चं रूप नीट पाहिलं तर ती एकांकिका स्पर्धाच आहे. छोटा प्रवेश, मोजकं नेपथ्य, धावत केलेला वेशबदल, आणि परीक्षक तर थेट समोर खुर्च्यांवर बसून हसतात. त्यातले कितीतरी चेहरे एकांकिका स्पर्धांमधूनच आलेले. पडदा ओढणारा शांताराम ‘प्रभात’चा धनी झाला, त्यापेक्षा ही वाट निराळी नाही. फक्त तेव्हा कॅमेरा बनवावा लागत होता, आता कॅमेऱ्यासमोर पोचावं लागतं.

पोचायचं कुठे, हा खरा प्रश्न. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगड्यात सुरू झालं आणि वाड्यात, तालमीत, उसाच्या फडात कॅमेरा हिंडू लागला. २०२० मध्ये जोतिबावरच्या मालिकेसाठी कोल्हापूरच्या चित्रनगरीत सेट लागले. परिसरातल्या नाटकवाल्यांना एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरावर काम मिळू लागलं. काम कसलं? एका दृश्यापुरता फौजदार, दोन दृश्यांपुरता डॉक्टर, पंचायतीच्या गर्दीतला म्हातारा. स्पर्धेत अभिनयाचं पारितोषिक घेतलेल्या माणसाला तिथे पहिली सूचना मिळते ती आवाज खाली आणण्याची. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकायची वर्षानुवर्षांची सवय, आणि इथे सदऱ्याच्या आत चिकटवलेला माईक. इचलकरंजीच्या माणसाला तर हे दुप्पट जड. गावात मुळात सगळेच वरच्या पट्टीत बोलतात, कारण चोवीस तास कुठून ना कुठून मागाचा आवाज येत असतो. लँकेशायरच्या बायकांनी आवाज काढणंच सोडलं, आपण तो वाढवला. दोन्ही उपाय त्याच दुखण्यावरचे. पण त्यांच्या उपायातून एक विनोदी परंपरा निघाली. आपल्या वरच्या पट्टीचं, मागावर एकमेकांना केलेल्या खाणाखुणांचं नाटक कुणी अजून केलेलं नाही. साखर कारखान्याला ‘सामना’ मिळाला. मुंबईच्या गिरणी संपाला जयंत पवारांचं ‘अधांतर’ मिळालं आणि त्यावरून २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ हा चित्रपट झाला. यंत्रमाग मराठी पडद्यावर जवळजवळ आलेलाच नाही.

इथे मालेगावचं नाव काढावंच लागतं. तेही यंत्रमागाचं गाव. तिथे नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसानं मित्रांना आणि माग कामगारांना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला, त्यात सुपरमॅन झाला शफीक शेख हा माग कामगार. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटानं ते जगभर पोचलं आणि २०२४ मध्ये रीमा कागतींनी त्यावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ केला. दोन्हीकडे माग, दोन्हीकडे वीजटंचाई, दोन्हीकडे कामगार. मग मालेगावात सिनेमा आणि इचलकरंजीत नाटक असं का? मालेगावला व्हिडिओ पार्लर होतं, इचलकरंजीला नाट्यगृह होतं, हे एक कारण. दुसरं कारण आपल्याला आवडणार नाही. इचलकरंजीला परंपरा आहे. ज्याला परंपरा असते त्याला परीक्षक लागतो. मालेगावच्या मंडळींना गुण देणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी शोलेची टिंगल करायची हिंमत केली. आपल्याकडे अजून पहिलं पारितोषिक कुणाला मिळालं यावर रात्री दोनपर्यंत चर्चा चालते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, शतकभर उभं असलेलं. सगळ्या जिल्ह्याचे नाटकवाले रस्त्यावर येऊन रडले. ते दुःख खरं होतं. पण एक जागा गेली की जिल्ह्याचं नाटक उघड्यावर येतं, यावरून आपल्याकडे जागा किती थोड्या आहेत तेही कळलं. मोठं नाट्यगृह भाड्यानं घ्यायचं म्हणजे तिकीट विकावं लागतं. तिकीट विकायचं म्हणजे मुंबईहून ओळखीचा चेहरा आणावा लागतो. शंभर माणसांपुढे चार प्रयोग करून बघावेत, फसले तर पाचवा बदलावा, तोच पुढे छोट्या चित्रपटासाठी वापरावा, अशी जागा इचलकरंजीत नाही.

आणि तरीही इचलकरंजीत जागाच जागा आहे. गेल्या काही वर्षांत साधे माग परवडेनासे झाले. वीजदर, सुताचे भाव आणि सुरतेचं स्वस्त कापड यांच्यात सापडून कितीतरी जणांनी माग किलोच्या भावानं भंगारात घातले. मागे राहिली ती शेड. उंच छत, उत्तरेकडून येणारा सपाट उजेड, मध्ये खांब कमी, जड यंत्रं पेलणारी जमीन, तीन फेजची वीज. स्टुडिओ बांधणारा याहून वेगळं काय मागेल? डिकन्सन रोडच्या प्रार्थनामंदिराला तर एवढंही नव्हतं. ही कल्पना मी इथल्या दोन-तीन नाटकवाल्यांपुढे मांडली. त्यांनी हसत हसत ती तपासली. भाडं जमेल, दिवे आहेत, वायरमन आपलाच आहे, कॅमेरा आता खिशातल्या फोनमध्येही असतो. अडचण एकच निघाली. बंद शेडच्या दोन्ही बाजूंच्या शेड चालू आहेत. त्यामुळे जे काही होईल त्याचा आवाज नंतर वेगळा भरावा लागेल, किंवा मग आवाजाशिवायच करावं लागेल.